दहावा कान

१

दर गुरुवारी सकाळी दहा वाजता लिओटा हिनशॉ हात पुसून स्वयंपाकघरातल्या फोनच्या पेटीपुढे उभी राहायची. तोवर गाईंचं दूध काढून झालेलं असायचं, मलई डब्यात गेलेली असायची, पाव भट्टीत असायचा. नवरा गेल्यापासून बारा वर्षं तिने या कामांची वेळ चुकवली नव्हती. फोनची तर कधीच नाही.

त्या रस्त्यावरची दहा घरं एकाच तारेवर होती. एका घरची घंटा वाजली की ती दहाही घरांत वाजे. कोणासाठी आहे ते घंटेच्या लांब-आखूड ठोक्यांवरून कळायचं, आणि ज्यांच्यासाठी नसेल त्याही बाया नळी उचलून कानाला लावायच्या. याला कोणी चोरी म्हणत नसे. फक्त एक होतं, जितक्या जणी कान लावतील तितका आवाज बारीक व्हायचा. तारेत जोर तेवढाच, आणि तो वाटला जायचा.

गुरुवारी मात्र सगळ्यांनी उचलायचंच होतं. क्लॅनची, म्हणजे गोऱ्यांच्या गुप्त संघटनेची, बायकांची शाखा क्लोव्हर फोर्क गावात सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. गोऱ्या, प्रॉटेस्टंट आणि याच मातीत जन्मलेल्या बाया, शंभर टक्के अमेरिकन. पांढरे झगे कपाटात असायचे, ते मिरवणुकीला. रोजचं काम या तारेवरून चालायचं. कोणत्या दुकानातून कापड घ्यायचं नाही, कोणाच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, कोणत्या मास्तरणीला गावात टिकू द्यायचं नाही. इथे दहा वाजता बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या काउंटीत पोचायचं.

लिओटाचं काम मोजायचं. ती पेटीची मूठ फिरवून एकच लांबलचक घंटा द्यायची. मग नळ्या उचलल्याचे खटके ऐकायची. नऊ खटके झाले की म्हणायची, "सगळ्या आल्या." मग शाखाप्रमुख आर्विला स्ट्राउड बोलायला लागायची.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी नऊ खटके झाले, आणि लिओटाने तोंड उघडलं तेवढ्यात दहावा झाला.

ती थांबली.

"लिओटा?" आर्विला म्हणाली. "झोपलीस का काय उभ्या उभ्या? सांग ना, आल्या का?"

"सगळ्या आल्या," लिओटा म्हणाली.

आर्विलाचा आवाज त्या दिवशी बारीक होता. नेहमीपेक्षा अगदी थोडा बारीक. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं.

२

मोजण्यात चूक झाली असेल असं तिने ठरवलं. एखादीने नळी उचलून परत ठेवली असेल, पुन्हा उचलली असेल. तार ओली असेल.

पुढच्या गुरुवारी तिने बोटांवर मोजलं. नऊ, मग जरासा वेळ, मग एक.

त्या दिवशी ती बोलण्याकडे लक्ष न देता मागचं ऐकत राहिली. प्रत्येक घराचा एक आवाज असतो. झेल्मा प्रुइटकडे भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने चालायचं. आयसी फेनिमोरकडे पिंजऱ्यातली कॅनरी. आर्विलाकडे काहीच नाही, तिच्याकडे नोकर आणि प्राणी दोघेही दबकून वागायचे. लिओटा एकेक आवाज ओळखून बाजूला काढत गेली. शेवटी एक उरला.

पाण्याचा होता. कोणीतरी फडकं पाण्यात बुडवत होतं, पिळत होतं, पुन्हा बुडवत होतं. घाईने नाही. पिळल्यावर थेंब पडायचे ते घमेल्याच्या पत्र्यावर पडत होते.

"धुणं कोणाकडे चाललंय?" लिओटाने मध्येच विचारलं.

"धुणं? गुरुवारी?" झेल्मा हसली. "अगं, मी सोमवारचं धुणं गुरुवारी वाळवते एवढंच सगळ्यांना माहीत आहे. धुवायला नाही हं काढत अजून."

"लिओटा, आपण कामाचं बोलतोय," आर्विला म्हणाली.

शनिवारी तारेचा माणूस खांब बघायला आला तेव्हा लिओटाने त्याला कॉफी दिली आणि विचारलं, दहा घरांच्या तारेला आणखी कोणी जोडून घेऊ शकतं का.

"चोरून? घेईल की. पण मला दिसेल ना बाई. गावापासून इथवर प्रत्येक खांब चढलोय आज. दहाच फाटे आहेत." त्याने कप खाली ठेवला. "का, कोणी ऐकतंय का चोरून?"

"इथे सगळेच ऐकतात," लिओटा म्हणाली.

"मग झालं तर," तो म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

३

पाण्याचा तो आवाज लिओटाला ओळखीचा होता. तो तिने एकदाच ऐकला होता, पण बाईमाणूस तो विसरत नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी वरच्या खोलीत तिचा मुलगा एमेट जन्माला आला तेव्हा सुईण हेस्टर बायनम अशीच फडकी पिळत होती.

हेस्टर काळी होती, नदीपलीकडच्या चार घरांपैकी एकात राहायची. या दहा घरांतली बहुतेक सगळी पोरं तिच्या हातांवर आली होती. लहानथोर तिला हेस्टरमावशी म्हणायचे. मावशी म्हणायचे आणि जेवण मागच्या पायरीवर द्यायचे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. लिओटालाही वाटलं नव्हतं.

शाखेचा एक नियम होता. गुरुवारी प्रत्येकीने काहीतरी आणायचं. कानावर आलेलं काही, पाहिलेलं काही. मागच्या एप्रिलमध्ये लिओटाची पाळी आली आणि तिच्याकडे काहीच नव्हतं. ती कुठे जात नसे, कोणाकडे बसत नसे. नऊ जणी वाट पाहत होत्या. "माझ्याकडे काही नाही" एवढं म्हणायला तिची जीभ रेटली नाही. महिन्यापूर्वी आयसीचं बाळ आठव्या दिवशी गेलं होतं, ते तिच्या डोक्यात आलं.

ती म्हणाली, "म्हणतात, हेस्टर आपल्या बायांची पोरं मोजते. दोन जगू देते. तिसरं जाऊ देते."

असं कोणीच म्हणत नव्हतं. मग कॅनरीच्या मागून आयसीचा श्वास ऐकू आला, आत ओढलेला. आयसीचं ते तिसरं होतं.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एका अनोळखी बाईने लिओटाला तीच गोष्ट खालच्या आवाजात सांगितली. त्यात आता नावं होती, तारखा होत्या, काळ्या दोऱ्याला मारलेल्या गाठी होत्या. लिओटाने ऐकून घेतलं, मान हलवली आणि, खोटं कशाला सांगा, तिला थोडं बरंच वाटलं. आपण सांगितलेलं एवढं चालतं हे तिला माहीत नव्हतं.

हेस्टरला त्यानंतर कोणी बोलावलं नाही. धुणंही मिळेना. दुकानदार पीठ द्यायचा बंद झाला. ऑक्टोबरात ती काउंटीच्या गरीबखान्यात गेली आणि नाताळच्या आधी न्यूमोनियाने मेली. तारेवर आर्विलाने ते एका वाक्यात सांगितलं, आणि मग केकच्या विक्रीचं सांगितलं.

गरीबखान्यात फोन नव्हता. हेस्टरच्या घरी तर कधीच नव्हता. लिओटाने हे स्वतःला दोनदा सांगितलं.

४

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आर्विला स्ट्राउड स्वतः मोटारीतून आली. तिने जिलेटिनच्या गोड जेलीची वाटी आणली होती. ती टेबलाशी बसली आणि लिओटाच्या सुनेकडे पाहत राहिली.

लोरीन दूरच्या काउंटीतून आलेली, बावीस वर्षांची. सातवा सरून आठवा लागला होता. पायांना सूज होती.

"मुलगाच आहे," आर्विला म्हणाली. "पोट बघ कसं पुढे आहे. शाखेच्या पाळण्याच्या यादीत नाव घालून टाकते मी. जन्माला आल्या दिवसापासून आपला."

"मुलगी झाली तर?" लोरीनने विचारलं.

"तर मुलगी. आपल्याला दोन्ही लागतात." आर्विला हसली. "डॉक्टर क्रलला सांगून ठेवलंय ना, लिओटा? हल्ली बरं आहे, डॉक्टर येतात. पूर्वी बघ, कोणाच्या हातात जीव द्यायचो आपण."

"तुझी दोन्ही तिच्याच हातची," लिओटा म्हणाली. तिने ते का म्हटलं ते तिलाच कळलं नाही.

आर्विलाने चमचा खाली ठेवला. "म्हणून तर सांगते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझी तब्येत बरी आहे ना? मोजताना अडखळतेस हल्ली."

ती गेल्यावर लोरीनने विचारलं, "कोणाच्या हातची, आई?"

"होती एक," लिओटा म्हणाली. "वर जाऊन पाय वर करून पड."

त्या गुरुवारी तो दहावा, पाण्याच्या आवाजाचा खटका इतरांच्या आधी आला.

५

एमेट डुकरं घेऊन रेल्वेच्या गावी गेला तो मार्च सरतानाचा मंगळवार होता. दोन दिवसांनी परतायचा होता. बुधवारी सकाळी गारांचा पाऊस लागला, बर्फ वितळलं आणि ओढा रस्त्यावर आला. नऊ वाजता लोरीन स्वयंपाकघरात उभी होती ती तशीच टेबलाला धरून खाली बसली.

"आई, पाणी गेलं."

"अजून पाच आठवडे आहेत."

"ते मला माहीत आहे, आई."

लिओटाने तिला वर नेऊन निजवलं. खाली येऊन मूठ फिरवली आणि गावातल्या एक्स्चेंजला घंटा दिली. घंटा दहा घरांत वाजली आणि खटके सुरू झाले.

"कोण?" एक्स्चेंजची गोल्डी विहिरीच्या तळातून बोलावी तशी बोलली. "मोठ्याने बोला! काही ऐकू येत नाही!"

"डॉक्टर क्रल!" लिओटा ओरडली. "लिओटा हिनशॉ! डॉक्टर दे!"

"कोण बोलतंय?"

"बायांनो, ठेवा खाली," लिओटा म्हणाली. "लोरीनला कळा लागल्यात. डॉक्टर हवाय. सगळ्यांनी ठेवा."

"अगं देवा," झेल्मा म्हणाली. "मी आले असते गं, पण ओढा—"

"माहीत आहे. ठेव."

खटके झाले. एक, दोन, पाच, आठ, नऊ. लिओटाने पुन्हा मूठ फिरवली.

"कोण?" गोल्डी म्हणाली. "हॅलो? कोण आहे तिकडे?" आणि तिने नळी ठेवली.

तार अजून जड होती. लिओटाने नळी कानावर दाबली. घड्याळ नव्हतं, कॅनरी नव्हती. फडकं पाण्यात बुडलं, वर आलं, पिळलं गेलं.

वर लोरीन ओरडली.

"ठेव," लिओटा म्हणाली. "कोण असशील ती. ठेव खाली."

थेंब पत्र्यावर पडत राहिले.

लिओटा साठीला आलेली बाई. तिने कोणापुढे कधी मान खाली घातली नव्हती. तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग पेटीच्या तोंडाशी ओठ नेऊन हळूच बोलली.

"ते मी बनवलं होतं. मोजण्याचं. कोणी म्हणत नव्हतं. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं म्हणून सांगितलं."

पाणी थांबलं.

लिओटा थांबली. खटका आला नाही. तिकडे कोणीतरी ऐकत उभं होतं, आणि आणखी काहीतरी ऐकायचं बाकी असावं असं उभं होतं. लोरीन पुन्हा ओरडली, या वेळी बारीक. लिओटाला त्या थांबण्याचा अर्थ कळला. जे नऊ जणींच्या कानात घातलं ते एकीच्या कानात परत घेता येत नव्हतं.

६

तिने मूठ फिरवली. एकच, लांबलचक घंटा. गुरुवार सोडला तर ती घंटा फक्त आगीला किंवा मयताला द्यायची असते. नऊही घरांनी उचललं.

"काय झालं? गेली का पोर?" झेल्मा म्हणाली.

"नाही. ऐका. हेस्टर बायनमचं मी सांगितलं ते खोटं होतं. मी बसल्या जागी रचलं होतं. ती कोणाचं पोर मोजत नव्हती."

कॅनरी गात होती.

"लिओटा," आर्विला म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "तू घाबरली आहेस. सूनबाई वर आहे, तू एकटी आहेस. नळी ठेव, आपण उद्या बोलू."

"घाबरलेय. तरी खरं तेच सांगतेय."

"ती बाई मेली, लिओटा. मेलेलीसाठी तू आपल्या बायांना खाली बघायला लावतेस? कशाला?"

"आयसी," लिओटा म्हणाली. "आयसी, आहेस ना? तुझ्या बाळाचं छातीचं दुखणं होतं. डॉक्टर क्रल मला म्हणाला होता, त्याच्या मयताच्या दिवशीच. मला माहीत होतं. माहीत असून मी बोलले."

मग आयसीचा आवाज आला. तो दुरून आल्यासारखा होता, सगळेच आवाज तसे होते.

"मी थुंकले तिच्या तोंडावर," आयसी म्हणाली. "दुकानाबाहेर. ती पुसत पण नव्हती, नुसती बघत होती. म्हणाली, आयसी, तुला दूध उतरतंय अजून, कोबीची पानं बांध. मी घरी येऊन बांधली."

"आयसी, पुरे," आर्विला म्हणाली.

"तू गप्प बस गं," आयसी म्हणाली, आणि तिचा खटका झाला.

मग इतरांचे. झेल्मा काहीतरी पुटपुटली आणि गेली. आर्विला सगळ्यांत शेवटी. ठेवण्यापूर्वी ती म्हणाली, "यानंतर तुझ्याकडे कोणी येणार नाही, लिओटा. तुला ठाऊक आहे ना ते कसं असतं."

"ठाऊक आहे," लिओटा म्हणाली. "मीच तर मोजायचे."

नऊ झाले. ती तशीच उभी राहिली.

दहावा खटका झाला. लिओटाने मूठ फिरवली.

"एक्स्चेंज!" गोल्डी कानाशीच बोलली, इतकी स्वच्छ की लिओटा दचकली. "नंबर सांगा! अहो बाई, मघापासून तुम्हीच का?"

डॉक्टर क्रल घरीच होता. त्याने ऐकून घेतलं. "वरच्या पुलावरून वळसा घालून यावं लागेल," तो म्हणाला. "दोन तास. अडीच. कशी आहे ती?"

लिओटाने वर कान दिला. लोरीनचा आवाज बंद झाला होता.

७

नळी जागेवर ठेवल्यावर घर फार शांत झालं. खिडकीवर गारा आपटत होत्या. तिने चुलीवरचा पाण्याचा हंडा उचलायला हात पुढे केला आणि तशीच थांबली.

फडकं पाण्यात बुडालं. वर आलं. पिळलं गेलं.

तिने फोनकडे पाहिलं. नळी जागेवर होती. आवाज जिन्यावरून येत होता.

वर पाण्याचं घमेलं नव्हतं. तिने नेलंच नव्हतं. पाणी अजून इथेच, तिच्यापुढे, चुलीवर होतं. लोरीनला उठून बसता येत नव्हतं. झोपायच्या खोलीला खिडकी एकच, ती खाली पडवीच्या छपरावर उघडायची, आणि छपरावर बर्फ होतं. हे सगळं लिओटाने ओळीने मनाशी मांडलं. त्याने आवाज थांबला नाही.

ती जिना चढली. तेरा पायऱ्या. सातव्या पायरीवर कढत पाण्याचा आणि साबणाचा वास आला. वर खोलीचं दार वीतभर उघडं होतं.

तिने आत पाहिलं ते तेवढ्याच फटीतून. पलंगाचं पायथ्याकडचं टोक. वाफ. त्या वाफेत कोपरापर्यंत वर सारलेली बाही आणि एक हात, काळा, म्हातारा, शिरा वर आलेला. कोपरावरून पाणी ओघळून जमिनीवर पडत होतं. जमीन ओली होत होती, हे तिने पाहिलं. बाईची पाठ दाराकडे होती. ती वळली नाही.

लिओटाच्या हातात दाराची मूठ होती. आत तिच्या एकुलत्या एका मुलाची बायको होती, आणि नातवंड होतं, आणि त्या दोघांवर ते हात होते. एप्रिलमध्ये ती त्याच हातांबद्दल बोलली होती. आत शिरावं, किंचाळावं, लोरीनला ओढून बाहेर काढावं, हे सगळं एका क्षणात तिच्या अंगातून गेलं. पाय हलले नाहीत.

"आई?" लोरीन म्हणाली. आवाज थकलेला होता, पण घाबरलेला नव्हता. "आई, दार लावून घ्या. वारा येतोय म्हणतात त्या."

लिओटाने त्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग तिने दार लावलं. बाहेरून.

ती सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली. हात मांडीवर ठेवले. आत कोणीतरी हलक्या आवाजात सांगत होतं, आता थांब, आता थांब, आता. तो आवाज लिओटाने ओळखला आणि डोळे मिटले. मग फार वेळ काही नव्हतं. इतका वेळ, की गारा थांबल्या आणि पन्हळीतून पाणी पडायला लागलं, तेही मंद झालं.

तळहाताची एक चापट ऐकू आली. लहानशी. मग काही नाही.

दुसरी.

लिओटाने श्वास घेतला नाही. तिला काहीतरी मागायचं होतं, पण मागायचं कोणाकडे ते नक्की करता येईना. त्या खोलीत मागण्यासारखं एकच कोणी होतं.

बाळ रडलं. बारीक, रागीट, दम लागलेलं, पण रडलं.

खाली अंगणात मोटारीचं दार वाजलं. डॉक्टर चिखलातून धावत आला, पडवीत बूट आपटले, हाक मारली. लिओटा जिन्यावरून हलली नाही.

"बाई, अहो, आत जा ना!" तो वर येत म्हणाला. "इथे काय बसलात?"

तिने आडवा हात करून त्याला थांबवलं. आत ये, असं अजून तिला कोणी म्हटलं नव्हतं.